कॉइलच्या जुन्या डोक्यात नवी तार: सेलपासून उलटं गणित

ओहमकार (धागाकर्ता)

ई-सिगारेटची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी, 'गेली' असं आपण म्हणतो तेव्हा तार बहुधा शाबूत असते. ती जिच्यात बसते ती छोटी धातूची डबी, म्हणजे डोकं, उघडून बघा. लिक्विडमधला गोडवा तारेवर जळून काळी खपली धरलेली असते, खपलीखाली उष्णता कोंडते, शेजारचा कापूस करपतो आणि मग प्रत्येक झुरक्याला जळकट चव येते. धातूचा सांगाडा, मधली पिन, पिनेभोवतीचा रबरी वॉशर हे सगळं ठणठणीत असतं. चिमूटभर कापसासाठी आणि बोटभर तारेसाठी आपण अख्खं डोकं फेकून देतो.

हा धागा त्याच डोक्यात नवी तार आणि नवी वात (लिक्विड ओढणारा कापूस) भरण्याबद्दल आहे. स्क्रूने तार आवळायचा डेक (बैठक) असलेल्या टँकलाही, म्हणजे लिक्विडच्या टाकीलाही, हेच गणित लागू पडतं, उलट तिथे काम सोपं जातं, बोटं शिरायला जागा असते. जाळीच्या (मेश) डोक्यांचा नाद मात्र करू नका. त्यातली पातळ छिद्रांची पट्टी कारखान्यात सांधलेली असते, घरी ती नीट बसत नाही.

आणखी एक, आधीच सांगून टाकतो. हे सिगारेट सोडून वाफेवर आलेल्या प्रौढ माणसांसाठी लिहितोय. ज्यांना निकोटीनची सवय नाही त्यांनी इथून काही सुरू करू नये. कायदाही जागोजागी वेगळा आहे, तो आपापला पाहून घ्या.

आता मुद्दा. बहुतेक जण तार हातात घेऊन कामाला लागतात आणि 'किती वेढे घालू?' असं विचारतात. माझं म्हणणं आहे की सुरुवात सेलपासून करा. तुमचा सेल न तापता सलग किती अँपिअर देऊ शकतो हा पहिला प्रश्न. त्यावरून कॉइलचा रोध कमीत कमी किती ओहम चालेल ते ठरतं, ओहमवरून तारेची लांबी ठरते आणि लांबीवरून वेढे. वेढ्यांचा आकडा सगळ्यात शेवटी येतो.

पूर्ण चार्ज झालेला लिथियम आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात, आणि अँपिअरला पुन्हा व्होल्टने गुणलं की वॅट. २ ओहमची कॉइल थेट सेलवर लावली तर २.१ अँपिअर आणि जेमतेम ९ वॅट. १ ओहमला ४.२ अँपिअर, साधारण १८ वॅट. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर, ३५ वॅट. ०.२ ओहमला २१ अँपिअर, आणि इथे बरेचसे सेल आपल्या मर्यादेच्या पलीकडे गेलेले असतात. ओहम निम्मे झाले की प्रवाह दुप्पट होतो. एवढं डोक्यात पक्कं बसेपर्यंत तारेला हात लावू नका, असं मी कळकळीने सांगेन.

---

कोरी_पाटी

ओहमकार, छान मांडलंत. माझ्याकडे जुन्या पद्धतीची छोटी डोकी आहेत, खाली पिन आणि वर छोटी चिमणी असलेली. मूळ कॉइलवर १.८ ओहम लिहिलंय. त्यासाठी कुठली तार घ्यायची, किती जाड? नावं वाचून गोंधळ उडतोय: कँथल, निक्रोम, स्टील, निकेल, टायटॅनियम.

---

ओहमकार

पहिल्या कॉइलसाठी कँथल ए१ घ्या. लोखंड, क्रोमियम आणि थोडं ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू. तापवला की पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. गरम झाल्यावर याचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे मीटरवर थंड असताना मोजलेला आकडा चालू असतानाही जवळपास तोच राहतो. नवशिक्याला हे फार सोयीचं पडतं.

निक्रोम ८० म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. कँथलपेक्षा मऊ, वळायला सोपी, लवकर तापते. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी तिच्यापासून लांब राहावं. बाकी तीन तापमान नियंत्रणाच्या मॉडसाठी (मॉड म्हणजे सेल आणि बटण असलेला भाग) जास्त वापरतात, ते पुढे कोणी विचारलं तर बोलू.

जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते. २४ गेज ०.५१ मिमी, २६ गेज ०.४० मिमी, २८ गेज ०.३२ मिमी, ३२ गेज ०.२० मिमी. कँथल ए१चा रोध दर मीटरला २४ गेजमध्ये सुमारे ७ ओहम, २६ मध्ये ११.३, २८ मध्ये १८ आणि ३२ मध्ये ४५ ओहम.

तुमच्या डोक्याला ३२ गेज शोभेल. ४५ ने १.८ ला भागा: ०.०४ मीटर, म्हणजे ४० मिमी तार. यातले पायांचे (दोन्ही टोकांचे) साधारण १२ मिमी धरा, वेढ्यांसाठी उरले २८. १.६ मिमी जाडीच्या ड्रिलच्या दांड्यावर वळलंत तर एका वेढ्याला किती तार लागते? दांड्याची जाडी अधिक तारेची जाडी, म्हणजे १.८, गुणिले ३.१४. झाले ५.६५ मिमी. २८ मध्ये ते पाच वेळा बसतं. पाच वेढे.

तारेची जाडी मिळवायला विसरू नका. बारीक तारेत फरक कमी पडतो, पण जाड तारेत मोठा पडतो. २६ गेजची तार ३ मिमी दांड्यावर ६ वेढे घातली तर वेढ्यांना ६४ मिमी लागते, पाय धरून ७४, आणि कॉइल बसते ०.८४ ओहमवर. अशा दोन कॉइल डेकवर शेजारी लावल्या तर रोध निम्मा होऊन ०.४२ होतो. दोन कॉइल लावताना हा हिशेब लोकांच्या ध्यानात राहत नाही.

---

साधीतार

वरच्या हिशेबाला हातकामाची जोड देतो.

कँथल स्प्रिंगसारखी उलटते, वळली तरी सुटू पाहते. म्हणून वळण्याआधी लायटरच्या ज्योतीवर तार सरकवत लाल करून घ्या आणि आपोआप थंड होऊ द्या. ती मऊ पडते आणि जिथे वळवाल तिथे राहते. त्याआधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, तार ओढताना लागलेलं तेल निघून जातं. पुसल्यावर स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत जवळ आणायची नाही.

तार कुठून आणली हे महत्त्वाचं. ज्या तारेचा मिश्रधातू माहीत नाही ती वापरू नका. जुन्या टोस्टरमधली, हीटरमधली, बागेतली जस्ताचा मुलामा दिलेली, कुठलीच नाही. जस्त तापलं की त्याचा धूर फुप्फुसात जातो.

आता डोकं उघडणं. पिन नखाने किंवा बारीक पकडीने ओढा, मग रबरी वॉशर बाहेर येतो. जुनी वात आणि तार काढून सांगाडा गरम पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. नवी कॉइल वात घालूनच चिमणीच्या खाचेत बसवा, दोन्ही पाय खालच्या भोकातून बाहेर. एक पाय वॉशरच्या आतल्या बाजूने, म्हणजे तो पिनेला टेकणार. दुसरा पाय वॉशरच्या बाहेरून, म्हणजे तो सांगाड्याला टेकणार. वॉशर बसवा, पिन दाबा, बाहेर डोकावणारी टोकं नेलकटरने अगदी तळाशी कापा. इथे टोक जरासं जरी राहिलं आणि पिन व सांगाडा या दोघांना एकदम लागलं तर शॉर्ट सर्किट होतं.

सगळ्यात नाजूक जागा पायांची. वातीबाहेरची तारसुद्धा तापतेच, पण तिला थंड करायला लिक्विड नसतं. पाय लांब राहिले तर वॉशर करपतो आणि झुरक्याला रबराचा वास येतो. म्हणून कॉइल जितकी खाली, वॉशरजवळ बसेल तितकी बसवा, फक्त वेढे धातूला कुठेही लागता कामा नयेत.

---

वाफारा

तारेवर सगळे बोलतात, वातीवर कोणी बोलत नाही. चव वातीत असते हो!

जुन्या डोक्यांत सिलिकाची दोरी असायची. ती करपत नाही, पण लिक्विड सावकाश ओढते आणि कापताना तिचे बारीक तंतू उडतात. मी कापसाच्या बाजूचा आहे. ब्लीच न केलेला, लांब धाग्याचा, कुठलंही सुगंधी किंवा औषधी पाणी न लावलेला. रेयॉनही चांगलं चालतं, ओलं झाल्यावर कापूस फुगतो तसं ते फुगत नाही, म्हणून थोडं दाट भरावं लागतं.

किती भरायचा हे हातालाच कळतं. कॉइलमधून कापूस ओढताना हलकासा अडथळा जाणवला पाहिजे, पण वेढे हलता कामा नयेत. जास्त कोंबला तर लिक्विड मध्यापर्यंत पोचत नाही आणि करपतं. कमी भरला तर गळतं, गुळगुळ आवाज येतो, तोंडात थेंब उडतात. दिव्याची वात जशी फार पिळली की तेल ओढत नाही, तसंच हे.

डेकच्या टँकमध्ये वातीची शेपटं तेवढीच ठेवा जेवढी लिक्विडची भोकं झाकतील. शेपटं कंगव्याने थोडी विरळ केली की ओढ सुधारते. मग सगळी वात लिक्विडने भिजवा आणि पाच मिनिटं तरी थांबा. कोरड्या कापसावर बटण दाबलं तर पहिल्याच झुरक्यात वात जाते.

---

कोरी_पाटी

वळली! पण मल्टिमीटर २.२ दाखवतोय आणि मॉड १.८५ म्हणतोय. कोणावर विश्वास ठेवू?

---

ओहमकार

मल्टिमीटरच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवा. शून्याऐवजी ०.२ ते ०.४ असं काहीतरी दिसेल. तो वायरींचा स्वतःचा रोध आहे, मोजलेल्या आकड्यातून वजा करा म्हणजे दोन्ही जुळतील. २ ओहमच्या कॉइलला हा फरक चालून जातो, ०.३ ओहमच्या कॉइलला अजिबात चालत नाही. कमी ओहमसाठी खास कॉइल तपासायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या.

आकड्यापेक्षा त्याचं वागणं बघा. डोकं हळूच दाबल्यावर किंवा टँक थोडा फिरवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर पाय सैल आहे. गणितापेक्षा खूपच कमी दाखवत असेल तर एखादा वेढा किंवा पाय सांगाड्याला लागतोय. अशी कॉइल सेलवर चढवायची नाही, उघडून पुन्हा बसवायची.

---

धुमकेतू

मला एवढ्या छोट्या कॉइलमध्ये रस नाही. मेकॅनिकल मॉड घेतलाय, त्यावर ०.१ ओहमची दुहेरी क्लॅप्टन कॉइल बसवायची आहे. वाफेचे मोठे ढग हवे आहेत. कोणी मोजमाप देईल का?

---

साधीतार

धुमकेतू, मी ते मोजमाप देणार नाही. का ते सविस्तर सांगतो.

मेकॅनिकल मॉड म्हणजे एक नळी, एक बटण आणि सेल. मध्ये चिप नाही. कॉइल शॉर्ट झाली तर थांबवणारं कोणी नाही, सेल फार उतरला तर सांगणारं कोणी नाही, बटण खिशात दबलं तर तोडणारं कोणी नाही. ०.१ ओहम म्हणजे पूर्ण चार्जवर ४२ अँपिअर. १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्या सेलचं सलग प्रवाहाचं रेटिंग साधारण २० ते ३० अँपिअरच्या आत असतं. सॅमसंगचा २५आर घ्या, २५०० मिलिअँपिअर-तासांचा, त्याचं रेटिंग २० अँपिअर. वेष्टनावर ४० किंवा ६० छापलेलं दिसलं तर तो बहुधा काही क्षणांसाठीचा 'पल्स' आकडा असतो किंवा दुसऱ्याच कंपनीच्या सेलवर चढवलेलं नवं कातडं. सेल बनवणाऱ्या मूळ कंपनीची तांत्रिक माहिती शोधा, तोच आकडा खरा धरा.

सेल मर्यादेपलीकडे ओढला की आत तापतो, आतले पडदे वितळतात आणि मग त्याची उष्णता त्यालाच आणखी तापवत जाते. उघड्यावर हे झालं तर ज्वाळा आणि विषारी वायू निघतात. बंद नळीत झालं आणि वायू बाहेर पडायला भोकं नसतील तर नळी फुटते. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेट फुटून माणसं मेलेली आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजलेल्या आहेत. आणि ही वस्तू आपण तोंडाजवळ धरतो, हे लक्षात घ्या.

ढगच हवे असतील तर चिपवाला दोन सेलचा मॉड घ्या आणि ०.३ ते ०.५ ओहमच्या आसपास राहा. ढग वॅट, हवा आणि लिक्विडमधलं ग्लिसरीन यांवर ठरतात, नुसत्या कमी ओहमवर ठरत नाहीत. क्लॅप्टन कॉइलचं म्हणाल तर जाड तारेभोवती बारीक तार गुंडाळलेली असल्याने धातू जास्त, त्यामुळे ती तापायला वेळ घेते. कमी ताकदीवर ती सुस्तच वाटते.

---

ओहमकार

साधीतार यांच्या शब्दन् शब्दाला अनुमोदन. एक भर घालतो, कारण चिपवाल्या मॉडबद्दलही एक गैरसमज आहे. तिथे सेलवरचा भार कॉइलच्या ओहमवर अवलंबून नसतो, तुम्ही लावलेल्या वॅटवर असतो. एका सेलवर ६० वॅट लावले आणि सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला, तर ६० भागिले ३.२ म्हणजे सुमारे १९ अँपिअर, चिपचा अपव्यय धरून २१. म्हणजे सेल जितका उतरतो तितका त्याच्यावरचा ताण वाढतो. मेकॅनिकलमध्ये नेमकं उलट, तिथे पूर्ण चार्जला भार सगळ्यात जास्त.

आणि सेलचं प्लॅस्टिक वेष्टन तपासत जा. १८६५०चं बाहेरचं अख्खं डबडं ऋण ध्रुव असतं, अगदी वरच्या कडेपर्यंत. धन टोपी आणि ती कड यांच्यात फक्त एक छोटी चकती असते. वेष्टन कडेला फाटलं की शॉर्टला वाट मिळते. नवं वेष्टन चढवणं फार सोपं आहे, गरम हवेने ते आवळतं. सुटे सेल डबीतच ठेवा. किल्ल्या आणि सेल एका खिशात, हे तर कधीच नको.

---

मंदआच

तापमान नियंत्रणाचं कोणी सांगेल का? माझ्या मॉडमध्ये तो पर्याय आहे, पण कँथल लावली की चालतच नाही.

---

ओहमकार

चालणार नाही, कारण वर म्हटलं तसं कँथलचा रोध तापल्यावर जवळपास बदलतच नाही. मॉडमध्ये तापमापक नसतो. तो तारेचा रोध किती वाढला ते बघून तापमान ओळखतो. शुद्ध निकेलचा रोध २० वरून २०० अंश सेल्सिअसला गेल्यावर दुपटीच्या पुढे जातो. टायटॅनियमचा साधारण ६० टक्क्यांनी वाढतो. स्टील ३१६एलचा सुमारे १६ टक्के, म्हणजे ०.५० ची कॉइल ०.५८ होते. फरक लहान असल्यामुळे स्टीलला सांधे पक्के लागतात, स्क्रू जरा सैल झाला तरी मॉड चुकीचं तापमान धरतो.

तरी मी स्टीलच सुचवेन. ती साध्या वॅटवरही चालते. निकेल आणि टायटॅनियम कोरडी लाल करायची नाहीत, टायटॅनियमवर तर तापवल्यावर पांढरी भुकटी धरते आणि फार तापलं तर ते पेटूही शकतं. कॉइल थंड असतानाच मॉडला तिचा मूळ रोध नोंदवू द्या. गरम कॉइलवर नोंदवलात तर पुढचं सगळं तापमान त्याच्या हिशेबात कमी दिसतं आणि प्रत्यक्षात कापूस करपतो. या तारांचे वेढे एकमेकांना न चिकटवता थोडे सुटे ठेवा.

---

नीरक्षीर

शांतपणे एक विचारते. तार तापवून तिची वाफ ओढायची, यात धातू पोटात जात नाहीत का? आणि फॉर्मल्डिहाइडबद्दल वाचलं होतं.

---

ओहमकार

योग्य प्रश्न, आणि उत्तर सरळ आहे: जातात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज वापरणाऱ्यांची उपकरणं तपासली, तेव्हा कॉइलच्या संपर्कात आलेल्या लिक्विडमध्ये आणि वाफेत क्रोमियम, निकेल, शिसं असे धातू सापडले. बाटलीतल्या लिक्विडमध्ये त्यांचं प्रमाण बरंच कमी होतं. स्वतः कॉइल वळल्याने हा धोका नाहीसा होत नाही. माहीत असलेली शुद्ध तार घेणं, डाख न लावणं आणि भडक लाल करणं टाळणं एवढं आपल्या हातात आहे.

लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकोल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. वात ओली असेपर्यंत तापमान त्याच आसपास राहतं. वात कोरडी पडली की तारेला आवर राहत नाही आणि त्याच द्रवांचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन तयार होतात. ॲक्रोलीन घशाला झोंबतं. म्हणून करपट झुरका आला की तिथेच थांबायचं, 'अजून दोन ओढून बघू' असं करायचं नाही. वाफारा यांचा वातीवरचा प्रतिसाद चवीबरोबर तब्येतीचाही आहे.

---

नीरक्षीर

धन्यवाद, स्पष्ट सांगितलंत. घरात मुलं असतील तर निकोटीनचं लिक्विड कुलपात ठेवा, एवढं माझ्याकडून. ते गिळलं तर जीवावर बेततं आणि कातडीतूनही शोषलं जातं. भरताना हातमोजे घाला.

---

कोरी_पाटी

दुसरी कॉइल डेकच्या टँकमध्ये बसवली, २६ गेज, ६ वेढे. मॉडवर ०.८२ आलं, हिशेबाच्या अगदी जवळ! फक्त कोरडी तापवून पाहिली तर एक टोकाचा वेढा आधी लाल होतो, बाकीचे नंतर. असंच लावू का?

---

साधीतार

नका लावू, दोन मिनिटांचं काम आहे. वॅट अगदी कमी करा, १० च्या आसपास. क्षणभर बटण दाबा, सोडा, आणि बटण सोडलेलं असतानाच सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढे हळूच एकत्र दाबा. पुन्हा क्षणभर दाबा, पुन्हा चिमटा. धातूचा चिमटा चालू कॉइलला कधीही लावायचा नाही. एखादा वेढा हट्टाने आधीच तापत असेल तर त्यावरून चिमट्याचं टोक अलगद घासा, वेढ्यांमधला अर्धवट संपर्क मोडतो. लाली मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखी पसरली की झालं. टोकाचा वेढा तरीही आधी लाल झाला तर त्या बाजूचा स्क्रू बघा, पाय नीट आवळलेला नसेल. मग पूर्ण थंड होऊ द्या, कापूस घाला.

काही दिवसांनी चव उतरली की तार फेकू नका. वात काढा, तशीच कमी वॅटवर तार हलकी तापवा, थंड झाल्यावर पाण्याखाली धरून मऊ ब्रशने खपली काढा, वाळवा आणि नवा कापूस. खपली निघेनाशी झाली किंवा तार कुठे बारीक दिसू लागली तर मात्र नवी वळा. आणि दर वेळी वात बदलल्यावर ओहम पुन्हा मोजा, तार तीच असली तरी.